बोलपाटीतली रिकामी चौकट

१२ जून

आज शिक्षण मंडळात रुजू झालो. एकोणीस शाळा आणि त्या सगळ्यांना मिळून एक तंत्रज्ञान-शिक्षक, म्हणजे मी. मुख्य कार्यालयात जिन्याखाली एक टेबल दिलंय, त्याच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे. टेबलावर माझ्याआधी तीन बंद पडलेली छपाईयंत्रं येऊन बसली होती.

ही वही मुद्दाम कागदाची घेतली. पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की सगळं संगणकावर ठेवा म्हणजे हवं ते चुटकीसरशी सापडतं. मला हे सापडायला नको आहे, एवढंच.

मंडळाची पत्रिका काढणाऱ्या बाई आल्या. नव्या शिक्षकांची ओळख छापतात म्हणे. "आपण या मंडळात का आलात? दोनशे शब्द. आणि एक फोटो, हसरा हवा." मी लगेच लिहायला बसलो. "प्रत्येक मुलाच्या हाती तंत्रज्ञान पोचावं ही माझी तळमळ आहे." मलाच जांभई आली. मुलाखतीतही हेच बोललो होतो आणि तिथे मात्र सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

कॉलेजातली नोकरी सोडून मी इथे का आलो हे भावालाही कळलेलं नाही. तो म्हणाला, बसायला चांगला पाट मिळालाय तर तू जमिनीवर का बसतोस. मी त्याला म्हटलं, कामात समाधान आहे. खरं कारण एकच आहे. सात नंबरच्या शाळेत, व्हरांड्याच्या शेवटी, न बोलणाऱ्या मुलांची खोली आहे. ठकू तिथे पावणेदोन वर्षं बसत होती. तिच्यासाठी मी बनवलेली बोलपाटी ती गेल्यापासून माझ्या खणात पडून आहे. ती पुन्हा कुणाच्या तरी हातात बोलावी असं मला वाटतं. मोठ्या बाईंनी, म्हणजे तिथल्या मुख्याध्यापिकांनी, ऑगस्टअखेरपर्यंत मुदत दिली आहे; मंडळातल्या अशा सगळ्या खोल्यांचं कामही त्याच बघतात. एका मुलावर करून दाखवा, जमलं तर एकोणीस शाळांत नेऊ, नाहीतर पाट्या कपाटात. ठकू माझी मुलगी होती हे त्या खोलीत फक्त त्यांनाच ठाऊक आहे.

घरी येऊन फोटो शोधला. फोनमध्ये चार हजारांवर फोटो निघाले. ठकू, तिची आई, ठकू, नळ, ठकू, वाटी. मी एकाही फोटोत नाही. एकात माझी सावली आहे, तीही अर्धी.

१६ जून

सात नंबरची शाळा. व्हरांड्याच्या शेवटच्या दारापर्यंत गेलो, परत फाटकापर्यंत आलो, मग पुन्हा गेलो.

खोलीत सहा मुलं, एक शिक्षिका आणि एक मावशी. दोघीही गेल्या वर्षी आल्या, त्यामुळे मला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. मावशींनी सगळ्या मुलांना नावं ठेवली आहेत. माझ्या वाट्याला आलेली मुलगी लिंबू. सात वर्षांची. नको ते समोर आलं की तोंड असं करते की पाहणाऱ्याचे दात आंबतात. ऐकू नीट येतं, समजतं सगळं, पण तोंडातून शब्द येत नाही.

बोलपाटी काय ते मावशींना समजावून सांगितलं. पाटीएवढा सपाट पडदा, त्यावर चौकटी, चौकटीत फोटो. मूल ज्या फोटोवर बोट ठेवेल तो शब्द पाटी मोठ्याने बोलते. प्रत्येक बोटाची नोंद आत वेळेसकट राहते. रिकाम्या चौकटीवर बोट पडलं तरी नोंद होते, ही माझी खास कारागिरी. मूल नेम कुठे चुकतं ते त्यावरून कळतं.

मावशी म्हणाल्या, "म्हणजे सर, पोरगी काय बोलली ते सगळं लिहिलेलं राहणार?" मी म्हटलं, सगळं. "मग वाचायला बसतं कोण?" त्यांनी विचारलं. मी हसलो. सामान्य माणसाला नोंदींचं महत्त्व कळायला वेळ लागतो.

१९ जून

लिंबूचे आजोबा भेटले. आईवडील दूरगावी कामाला, मुलगी आजोबांपाशी. कुलपं दुरुस्त करतात, किल्ल्या घासून देतात. कमरेला जुन्या किल्ल्यांचा भलामोठा जुडगा, त्यामुळे हा माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. मला मास्तर म्हणतात.

माझा नियम असा की फोटो घरच्याच वस्तूंचे हवेत. बाजारातल्या चित्रातला पेला मुलांना आपला वाटत नाही. आजोबांना पाटीचा कॅमेरा कसा चालवायचा ते शिकवलं आणि पाटी दोन दिवस घरी दिली. त्यांनी अगदी मन लावून फोटो काढून आणले. पेला, ताट, खाट, मांजर, शेजारीण, मोरी, चप्पल, दाराला अडकवलेला किल्ल्यांचा जुडगा. छत्तीस चौकटींत छान बसले. मी आजोबांची पाठ थोपटली. कुठे काही राहिलं नाही ना, म्हणून दोघांनी मिळून यादी दोनदा तपासली.

आवाज मात्र तयारच होते. ठकूच्या वेळी तिच्या आईने तीनशे शब्द बोलून दिले होते. तेच घातले.

२७ जून

आज सकाळी सव्वादहाला लिंबूने पेल्यावर बोट ठेवलं आणि खोलीत आवाज आला, "पाणी." माझ्या बायकोचा आवाज. जरा सर्दी झालेला, कारण शब्द बोलून दिले त्या आठवड्यात तिला सर्दी होती.

लिंबू दचकली. मग तिने पुन्हा दाबलं. मावशींनी पाणी दिलं. ती प्यायली नाही, परत दाबलं. तिला पाणी नको होतं. आपण म्हटलं आणि माणूस उठला, हे तिला परत परत बघायचं होतं. मावशींनी सात वेळा पाणी आणून दिलं, एकदाही कुरकुर न करता.

मी मुलांच्या मुतारीत जाऊन रडलो. तिथली भांडी इतकी खाली आहेत की रडणाऱ्या मोठ्या माणसाला टेकायलाही काही नाही.

४ जुलै

बायकोला फोन केला. ती आता तिच्या बहिणीच्या गावी राहते, औषधांच्या दुकानात काम करते. ठकू गेल्यावर आठ महिन्यांनी गेली. भांडण असं नाही झालं. एक दिवस तिने तिचे कपडे घेतले.

मी सांगितलं की बोलपाटी पुन्हा सुरू केली आहे, मंडळात आलो आहे, आणि काही नवे शब्द तिच्या आवाजात हवे आहेत.

"माझा आवाज तिथे वाजतोय? त्या खोलीत?"

मी हो म्हटलं.

"कुठले कुठले शब्द ठेवलेस आणि कुठले काढलेस?" तिने विचारलं. मी म्हटलं, काढलेलं काही नाही. त्यावर ती म्हणाली, दुकानात गिऱ्हाईक आहे, आणि फोन ठेवला.

तिचं घोडं अजून तिथेच अडलंय. ठकूच्या पाटीवरचं एक बटण मी काढलं होतं, त्यावरून. पाटी हातात घेऊन तिने मला विचारलं होतं, "हे काढलंस? तू काढलंस?" मी म्हटलं, हो, मीच, दुसरं कोण काढणार, मलाच येतं. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि तसं तिने त्याआधी कधी बघितलं नव्हतं. दुःखात माणूस कशालाही धरून बसतो. छत्तीस बटणांपैकी एक बटण, आणि तेही चष्म्याचं.

१५ जुलै

लिंबूची प्रगती छान. पाणी, मोरी, नको, मांजर. नको तर इतकं आवडलंय की मोठ्या बाई आत आल्या तेव्हाही दाबलं. मोठ्या बाई हसल्या, ही त्यांच्याबाबतीत बातमीच.

एक कटकट सुरू झाली आहे. किल्ली. दिवसातून वीस-वीस वेळा. "किल्ली. किल्ली. किल्ली." बाकीची मुलं बिथरतात. शिक्षिका म्हणाल्या की कपाटाच्या किल्लीशी हिला खेळायचं असेल. दिली. लिंबूने लिंबाचं तोंड केलं आणि किल्ली भिरकावली.

१८ जुलै

मावशींनी घरून जुन्या किल्ल्यांचा जुडगा आणला, खास तिच्यासाठी. तोही भिरकावला, तो खिडकीच्या गजाला लागला. मग तिने पाटी छातीशी धरली, दाराकडे तोंड केलं आणि पुन्हा तेच. आजोबांना विचारलं तर ते म्हणाले, "घरी तर कधी दाबत नाही हो मास्तर. शाळेतच काय ते."

मला जुनं आठवलं. ठकूचंही अगदी असंच झालं होतं. तिला माझा चष्मा ओढायची खोड होती. मी कॉलेजातून आलो की पहिलं काम तेच. म्हणून गंमत म्हणून माझ्या काळ्या जाड फ्रेमच्या चष्म्याचा टेबलावर ठेवून फोटो काढला आणि बटण केलं. घरी माझ्यासमोर तिने ते कधीही दाबलं नाही. शाळेत मात्र दिवसभर "चष्मा, चष्मा". शाळेने कळवलं, डोळे तपासा. दोनदा तपासले, दोन वेगळ्या डॉक्टरांकडे. डोळे लख्ख. खेळण्यातला चष्मा घेऊन दिला, तो तिने मोडला. मग शाळेने चिठ्ठी पाठवली की ती फार अस्वस्थ असते, वडिलांनी थोडे दिवस वर्गात येऊन बसावं. माझ्या कॉलेजात परीक्षा होत्या. रजा मिळणं कठीण होतं. बायको म्हणाली, तू घरी नसतोस तेव्हा ती काय करते ते एकदा बघ. मी म्हटलं, त्याला मी असायला कशाला हवं, पाटीत नोंद आहे ना.

शेवटी बटणच काढलं. आठवड्याभरात शाळेचा निरोप आला, आता त्रास देत नाही. रोग ओळखून औषध दिल्याचं मला समाधान वाटलं होतं.

२२ जुलै

मोठ्या बाईंनी बोलावलं. शिक्षिकेची तक्रार. ही पाटी मुलीला बोलायला शिकवतेय की एकच धोशा लावायला? मुदतीला पाच आठवडे उरलेत, याची त्यांनी आठवण करून दिली.

मी म्हटलं, माझ्याकडे यावर उपाय आहे, आधी करून पाहिलेला. किल्लीची चौकट आज रिकामी केली. मावशी म्हणाल्या, "सर, दोन दिवस थांबला असता तर? पोरगी उगाच नाही म्हणत काही." मी त्यांना समजावलं की याला निरर्थक पुनरावृत्ती म्हणतात, मुलांमध्ये आढळते. मावशी फरशी पुसत राहिल्या.

२५ जुलै

शांतता. शिक्षिका खूश, मोठ्या बाई खूश. पत्रिकेच्या बाईंचा निरोप, मजकूर आणि फोटो कधी देताय. नवा मजकूर लिहिला, "तंत्रज्ञानामुळे मुलाचं म्हणणं अचूक ऐकता येतं, या विश्वासाने मी या मंडळात आलो." हा बरा जमलाय. ठेवून देतो. फोटोचं बघू.

लिंबू मात्र जरा मलूल दिसते. हवा बदलली असेल.

३१ जुलै



आज आजोबांचं दुकान लवकर बंद झालं, वीज नव्हती म्हणून. ते सुट्टीच्या तासभर आधी आले. आम्ही खोलीत होतो. मी लिंबूच्या शेजारी खुर्चीवर, नेम तपासत. ती पाटीवर बोट ठेवत होती आणि पाटी गप्प होती. वरून दुसरी ओळ, डावीकडून चौथी चौकट. रिकामी. पुन्हा तिथेच. पुन्हा. मी वहीत लिहिलं, "नेम चुकतोय."

तेवढ्यात व्हरांड्यातून किल्ल्यांचा आवाज आला.

लिंबूने पाटी टाकली आणि उठली. पडत झडत दारापर्यंत गेली. आजोबा दारात आले तसा तिने दोन्ही हातांनी त्यांच्या कमरेचा जुडगा धरला आणि त्यात तोंड घातलं. मग मागे वळून माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. सात वर्षांच्या मुलीने इतकं दमून पाहू नये.

मावशी म्हणाल्या, "अगं बाई. किल्ली म्हणजे आजोबा होते होय."

आजोबा गोंधळले. मग म्हणाले, "पण माझं बटण असेलच ना मास्तर?" आम्ही दोघांनी पाटी पाहिली. पेला होता, ताट होतं, शेजारीण होती, मांजर होतं. आजोबा नव्हते. यादी दोनदा तपासली होती. फोटो त्यांनी काढले होते. जो फोटो काढतो तो फोटोत नसतो.

मावशींनी अगदी सहज म्हटलं, काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी हसायला गेलो आणि अर्ध्यावर थांबलो. मी माझा चष्मा काढला. तो हातात धरून बसलो. मावशींना वाटलं मला चक्कर आली, त्यांनी पाणी आणलं.

१ ऑगस्ट

गेलो नाही.

३ ऑगस्ट

ठकूची पाटी खणातून काढली. दोन वर्षं तिची नोंद मी उघडली नव्हती. मनाला त्रास नको, असं स्वतःला सांगत होतो. पण त्याआधी, ठकू असतानाही, मी ती कधी उघडली नव्हती. सगळं लिहिलेलं होतं. वाचायला बसतं कोण, असं मावशी म्हणाल्या होत्या.

चष्मा. सकाळी पावणेनऊला पहिल्यांदा, म्हणजे शाळेत शिरताच. मग दर थोड्या वेळाने. मधल्या सुट्टीत सर्वांत जास्त. संध्याकाळी घरीही आहे, साडेपाच ते सहाच्या दरम्यान, रोज. सहाला मी घरी यायचो. सहानंतर एकदाही नाही. माझ्यासमोर तिला गरजच नव्हती, मी समोरच होतो.

तिने सव्वा वर्ष मला हाक मारली. मी तिला दोन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं.

मी बटण काढलं त्या दिवशी त्या जागी एकोणचाळीस नोंदी आहेत. शब्द नाही, नुसती चौकटीची जागा आणि वेळ. दुसऱ्या दिवशी एकतीस. मग बावीस, बारा, बारा, चार, एक. मग काही नाही. हाच तो आठवडा. त्रास देत नाही, असा निरोप आला तेव्हा मी बायकोला म्हणालो होतो की बघ, सुटली सवय. सवय नव्हती सुटली. तिने मला हाक मारणं सोडलं होतं.

पुढे पाच महिने कोरे. मग एक नोंद आहे. दवाखान्यातली. तिच्या छातीत कफ भरला होता, श्वास घ्यायला तिला त्रास होत होता. दुपारी चार वाजून दहा मिनिटं, तीच रिकामी जागा, सलग सहा वेळा. सव्वाचारला पाटीची वीज संपली आहे.

चार वाजून दहा मिनिटांनी मी कुठे होतो ते मला पक्कं आठवतं. पाटीची वीज संपत आली होती म्हणून तिचा चार्जर शोधायला खालच्या दुकानांत फिरत होतो. तिला काही सांगायचं झालं तर पाटी बंद पडायला नको, म्हणून. मी परत आलो तेव्हा पावणेपाच झाले होते आणि तिला आत नेलं होतं. ती बाहेर आली नाही. खाटेजवळ तिची आई बसली होती. आईने ते सहाही वेळा पाहिलं असणार.

९ ऑगस्ट

बायकोच्या गावी गेलो. आधी कळवलं नाही, नको म्हणाली असती. औषधांचं दुकान बसच्या थांब्यासमोरच आहे. ती काउंटरमागे होती, पांढरा कोट, केस आखूड केलेत. मला पाहून तिने हातातली गोळ्यांची पाकिटं नीट रचून ठेवली आणि मागच्या खोलीत ये म्हणून खूण केली. तिथे खोकी आणि एक स्टूल. तिने मला स्टूल दिलं, स्वतः खोक्यावर बसली.

मी तयार करून गेलेलं सगळं विसरलो. किल्लीची गोष्ट सांगितली, आजोबांची, जुडग्याची. मग म्हटलं, "चष्मा म्हणजे मी होतो. मला परवा कळलं."

बाहेर कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, तिच्या मालकाने दिलं. मग ती इतक्या हळू बोलली की मला पुढे वाकावं लागलं.

"परवा?"

मी मान हलवली.

"मला वाटलं तुला माहीत होतं. मला तर पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. रोज साडेपाचपासून ती दाराकडे तोंड करून तेच दाबत बसायची. मला वाटलं, तू शहाणा, तुला कळलंच असणार. शाळेने तुला येऊन बसायला सांगितलं आणि तू बटण काढलंस. मला वाटलं, जायला नको म्हणून काढलंस. माहीत असून."

मी म्हटलं, नव्हतं माहीत.

"मी एकदा तोंडाने सांगितलं असतं तर," ती म्हणाली आणि थांबली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. "इतकी साधी गोष्ट सांगावी लागेल असं वाटलंच नाही रे मला."

दोन वर्षं ती मला दुष्ट समजत होती. मी मूर्ख होतो. यातलं बरं काय ते आम्हा दोघांनाही ठरवता येईना. ती रडली, मीही रडलो. दवाखान्यातल्या त्या सहा वेळांबद्दल मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. उठताना मात्र तिने माझा शर्ट खांद्यावर नीट केला, जुन्या सवयीने, आणि हात लगेच मागे घेतला.

निघताना मी एक शब्द मागितला. लिंबूसाठी, आजोबा. पाठवते म्हणाली. घरी चल असं मी म्हणालो नाही. ते मागण्याचा अधिकार कुठे आहे?

१८ ऑगस्ट

लिंबूच्या पाटीवर आता पहिलीच चौकट आजोबांची. फोटो मावशींनी काढला, किल्ल्यांसकट. लिंबूने पहिल्यांदा दाबलं आणि पाटी म्हणाली, "आजोबा." ती मावशींकडे बघून थांबली. मावशी म्हणाल्या, "येतील हं, चारला येतील. घड्याळात इथे काटा आला की." लिंबूने पुन्हा दाबलं. मावशींनी पुन्हा तेच सांगितलं. दुपारपर्यंत दहा वेळा. मग तिने मांजर दाबलं आणि मांजराची गोष्ट सुरू झाली. उत्तर मिळालं की मूल पुढे जातं, एवढंच होतं.

किल्लीची चौकटही परत ठेवली. ती तिची आहे, मी कोण काढणारा.

२९ ऑगस्ट

मोठ्या बाईंनी एकोणीस शाळांना मंजुरी दिली. मी दोन अटी घातल्या. पहिली चौकट पाटी बनवणाऱ्याची आणि फोटो काढणाऱ्याची, त्याचा फोटो दुसऱ्याने काढायचा. आणि नोंद रोज एका माणसाने वाचायची, मावशींनी वाचली तरी चालेल, किंबहुना मावशींनीच. मोठ्या बाईंनी दोन्ही लिहून घेतल्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, "ठकू खिडकीशी बसायची. रस्ता दिसतो तिथून." मी म्हटलं, हो का.

पत्रिकेच्या बाई मजकुरासाठी टेबलाशी येऊन उभ्याच राहिल्या. मी तिथल्या तिथे लिहून दिलं. "माझी मुलगी या मंडळाच्या शाळेत होती. ती रोज मला बोलवत होती आणि मला ते कळलं नाही. मी आता आलो आहे." त्यांनी दोनदा वाचलं. दोनशे शब्द भरत नाहीत, असं म्हणणार होत्या बहुतेक, पण म्हणाल्या नाहीत. फक्त हळूच विचारलं, फोटो?

फोटो मावशींनी काढला, व्हरांड्यात, खोलीच्या दाराशी. मी जुनी काळी जाड फ्रेम घरून आणली होती, ती घातली. काचांचा नंबर आता जुळत नाही, त्यामुळे मला मावशी धूसर दिसत होत्या. हसा म्हणाल्या. जमेल तेवढा हसलो.

दुपारी बायकोचा निरोप आला. त्यात लिखाण काही नाही, आवाजाचा एक तुकडा. एकच शब्द, मी न मागितलेला. "बाबा." सर्दी नाही यावेळी, आवाज स्वच्छ आहे. दारात कुणी आल्यावर मूल जसं म्हणेल तसं तिने ते म्हटलंय.

घरी येऊन ठकूची पाटी चार्ज केली. तिसरी ओळ, उजवीकडची शेवटची चौकट, जिथे चष्मा होता. तिथे मावशींनी काढलेला फोटो घातला आणि त्याच्यामागे तो आवाज. बरोबर बसला. सवयीने तपासायला बोट पुढे नेलं, मग मागे घेतलं. ते बटण मी दाबायचं नाही. पाटी खिडकीशी उभी करून ठेवली आहे आणि साडेपाच वाजले आहेत.